सासूबाईंची डावी किडनी

४ मार्च

जावईबापूंना,

दोन आशीर्वाद पाठवते आहे. एक तुम्हाला, एक माझ्या डाव्या किडनीला. ती आता तुमच्याकडे नांदते आहे, तेव्हा दोघांनी वाटून घ्या आणि भांडू नका.

मी सुखरूप घरी पोचले. टाके कोरडे आहेत. शिंकताना तेवढी पोटावर उशी दाबून धरते. आज पोहण्याच्या तलावावरून तिकीट फाडणारा भेटायला आला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या जागी आलेला मास्तर शिट्टी अशी वाजवतो की पोरं हसत हसत आणखी खोल पाण्यात जातात." ऐकून फार बरं वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं आहे हे कळलं की जखम लवकर भरते.

आता मुद्द्याचं. फोन करावा तर तुमची बायको, म्हणजे माझीच लेक, पहिल्या वाक्याला फोन ओढून घेते आणि तुमच्या वतीनं सगळं छान असल्याचं सांगून टाकते. म्हणून हे पत्र. दवाखान्यातून निघताना तुम्ही मला शब्द दिलात, तो इथे पुन्हा लिहून ठेवते. ती गोळी, तुमच्या शरीराला परक्या किडनीशी भांडू न देणारी, सकाळी आठला आणि रात्री आठला. आठ म्हणजे आठ. मी उभा जन्म लोकांना पोहायला शिकवण्यात घालवला. "थोड्या वेळानं" म्हणणारा माणूस मी पुरता ओळखते, तो कधीच उडी मारत नाही. जग इकडचं तिकडे झालं, छप्पर पडलं, बायको रुसली, तरी आठ. दोन्ही वेळा मी मिस्ड कॉल देईन. फोन उचलायचा नाही, गोळी उचलायची.

पाणी भरपूर प्या. मास्क लावल्याशिवाय बाहेर पडू नका. सर्दी झालेला कुणी प्रेमानं जवळ आला तर प्रेमानंच दूर लोटा. आणि लघवीचं काय ते मोकळेपणानं लिहा. सासूला असलं कसं सांगायचं म्हणून लाजू नका. माझी वस्तू तिथे काम करते की नुसती बसून खाते, हे मला कळायला नको का?

एका किडनीनं हलकी झालेली,
तुमची सासू


१९ मार्च

सासूबाईंना नमस्कार. वाकायला अजून मनाई आहे, तेव्हा उभ्यानंच केलेला समजा.

लाजू नका म्हणालात म्हणून लिहितो. होते. भरपूर होते. एवढे दिवस आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून घेतलेल्या माणसाला बाथरूमचं दार लावून नुसता तो आवाज ऐकत उभं राहण्यात काय सुख असतं, ते तुम्हा दोन किडन्यांवर वाढलेल्या माणसांना कळायचं नाही. काल तुमच्या लेकीनं बाहेरून विचारलं, "आत गाताय की काय?" मी गात होतो. दुसरं कडवं चालू होतं.

बाकी माझं ध्यान बघण्यासारखं झालं आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गाल असे फुगलेत की मास्कचे बंद कानापर्यंत पोचेनात. भूक तर विचारू नका. सकाळचा पाव खाताना मी दुपारच्या जेवणाची चौकशी करतो आणि दुपारी जेवताना रात्रीच्या. हात किंचित थरथरतात, त्याचा मात्र फायदा होतो. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला की स्क्रू आपला आपण फिरतो. कंपनीतले साहेब म्हणाले, लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ तुम्हाला चालणार नाही, निदान सहा महिने तिकडे फिरकू नका. म्हणून आमच्या इमारतीची लिफ्ट मी दाराला कान लावून तपासतो. तिसऱ्या मजल्यावर ती कण्हते. का कण्हते ते मला माहीत आहे आणि मला कुणी विचारत नाही, हे दुःख निराळंच.

तुमची लेक घरभर जंतुनाशक घेऊन फिरते. कड्या पुसते, बटणं पुसते, टीव्हीचा रिमोट पुसते. परवा बोलता बोलता माझं कपाळही पुसून गेली.

तुम्हाला दिलेला शब्द मात्र प्राणापलीकडे पाळतो आहे. तुमचा मिस्ड कॉल वाजतो तेव्हा गोळी जिभेवर असते. एकदा शेजारचे आजोबा लिफ्टमध्ये अडकले, त्यांना बाहेर काढताना आठ वाजले. "आजोबा, एक मिनिट," म्हणालो आणि जिन्यातच कोरडी गिळली. मग आजोबा.

आणि आता आनंदाची बातमी. रक्तात त्या गोळीचं प्रमाण किती आहे ते मधून मधून तपासतात. माझं इतकं भरपूर निघालं की डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या वेळीही भरपूर, म्हणून आणखी कमी केली. मी म्हणालो, "डॉक्टर, किडनी पोहणाऱ्या बाईंची आहे. तिला कमीत भागवायची सवय आहे." डॉक्टर हसले. माझ्याबरोबरच्या लोकांना मूठभर गोळ्या आणि माझ्या डबीत चिमूटभर. वॉर्डातून जाताना मान आपोआप ताठ होते.

तुमचा आज्ञाधारक,
जावई


२ एप्रिल

जावईबापूंना,

तुमचं पत्र तलावावर मोठ्यांदा वाचून दाखवलं. बाथरूममधल्या गाण्याचा भाग गाळला, म्हणजे गाळणार होते, पण तिकीट फाडणारा म्हणाला पुढे वाचा. बायकांच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. चिमूटभर गोळ्यांवर चालणारी किडनी कुणाची, म्हणून एक नवी बाई पाण्यातून मान वर काढून मला बघत राहिली. मी जरा पोट आत घेऊन उभी राहिले. तुमच्या डॉक्टरांना माझ्यावर काही लिहायचं असेल तर फोटो पाठवते. शिट्टीसकट आहे.

खरं सांगू, मनात धाकधूक होती. साठी उलटलेल्या बाईची किडनी, ती तिशीतल्या माणसाला कितपत पुरणार? तुमच्या पत्रानं ती गेली. मी फार शेफारले आहे. शेजारणीशी हल्ली मी फक्त किडनीबद्दल बोलते आणि ती हल्ली दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं जाते.

आठ म्हणजे आठ तसंच चालू ठेवा. बघा, नियमानं वागलं की औषधसुद्धा कमी लागतं.

मी अगदी सांभाळून आहे. अजून पाण्यात उतरायला मनाई आहे, ती पाळते. काठावर खुर्ची टाकून बसते. हे पत्र ओलं लागलं तर काठावर फार उडतं म्हणून.

तुमची,
डॉक्टरांचंही ऐकणारी सासू


३० एप्रिल

सासूबाईंना शंभर नमस्कार, दोनशेही चालतील, आज अंगात एवढा उत्साह आहे.

पत्राला उशीर झाला. अचानक कंपनीनं प्रशिक्षणासाठी बाहेरगावी धाडलं. धूळ नाही, काही नाही, नुसतं बसून ऐकायचं. हॉटेल उत्तम आहे. खोलीत आणखी तिघे आहेत, सगळे लवकर झोपणारे. मला झोप येत नाही, पण झोपेत वेळ घालवण्याइतका मी रिकामा कुठे आहे? पलंग हँडलनं वरखाली होतो. माझा अडकायचा, तो मी चमच्यानं दुरुस्त केला. ते बघून बाकीच्या तिघांनी आपापले पलंग दाखवले. तेही केले. मग समोरच्या खोलीतून बोलावणं आलं. चहा न मागता येतो, जेवण न मागता येतं, सकाळी वजन करतात, कपडे हॉटेलचेच. इथल्या मोठ्या लिफ्टचा दरवाजा मिटताना जो झटका देतो तो मी दोन दिवस ऐकतो आहे. मला एक पाना आणि अर्धा तास द्या, लोण्यासारखी करतो. मी एक कविताही केली. लिफ्टवरच आहे. बावीस कडवी झाली आणि ती अजून पहिल्या मजल्यावर आहे.

किती छान आहे सगळं. लोक किती चांगले असतात. मघाशी खिडकीवर एक कबुतर बसलं तर मला भरून आलं.

चारपाच दिवस मिस्ड कॉल देऊ नका. प्रशिक्षणात फोन बंद ठेवावा लागतो. गोळी वेळेवर देतात. घेतो, म्हणजे.

तुमची डावी मजेत आहे. तिच्याबद्दल सविस्तर लिहिणार होतो, पण कागद संपला.

आनंदी,
जावई


३ मे

जावईबापू,

कागद संपला म्हणता, आणि मागची बाजू कोरी.

कुठल्या हॉटेलात हँडलचे पलंग असतात? कुठल्या हॉटेलात पाहुण्यांचं रोज सकाळी वजन करतात, बिल किलोवर लावतात का? कपडे हॉटेलचे, गोळी हॉटेल देतं. अहो, मी त्याच हॉटेलात तुमच्या शेजारच्या वॉर्डात आडवी होते, तिथल्या लिफ्टच्या दाराचा झटका मीही खाल्ला आहे. लेकीला तीनदा फोन केला. एरवी दुसऱ्याचा फोन ओढून घेणारी, आज तिनं स्वतःचाही उचलला नाही.

आणि लघवीबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या पत्रात दुसरं कडवं चालू होतं.

मी रागावलेली नाही. घाबरले आहे. तलावाच्या पायरीवर बसून पत्र पुन्हा वाचलं. तिकीट फाडणारा म्हणाला, "बाई, पत्र तर आनंदाचं दिसतंय." मी म्हटलं, म्हणून तर. आमचा जावई चांगला माणूस आहे, पण कबुतराला बघून रडणारा नाही.

खरं काय ते लिहा. पाठपोट लिहा.

सासू


५ मे

सासूबाई,

नमस्कार. पकडलंत. तुमच्या लेकीवर रागावू नका, तिला मीच गळ घातली होती.

मी वॉर्डात आहे. शरीर तुमची किडनी नाकारतं आहे. पाय सुजले, चार दिवसांत वजन भराभर वाढलं, ते पावानं नव्हे, पाण्यानं. लघवी आटली. बाथरूममध्ये गाणं सुरू करायचो आणि धृपदालाच संपायचं. मग सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढला, तपासला, आणि डॉक्टर पलंगाजवळ आले तेव्हा हसत नव्हते.

कारण ऐका. ऐकून तुम्ही पुन्हा पायरीवर बसाल, तेव्हा आधीच बसून घ्या.

इथल्या मोठ्या सिस्टरनं विचारलं, "गोळी वेळेवर घेता ना?"

मी म्हणालो, "सिस्टर, आठ म्हणजे आठ. घड्याळ लावून घ्या."

"रक्त द्यायला येता त्या दिवशी?"

"त्या दिवशी तर पाच मिनिटं आधीच. इथे रांगेत उशीर व्हायला नको."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. मग स्टूल ओढून बसली.

त्या दिवशी गोळी घ्यायची नसते. म्हणजे घ्यायची, पण रक्त देऊन झाल्यावर. रात्रीची गोळी सकाळपर्यंत उतरत उतरत किती उरते, ते त्यांना बघायचं असतं. मी ताजी गोळी पोटात घालून हात पुढे करत होतो. आकडा भरपूर दिसणारच. तो बघून ते गोळी कमी करत गेले, मी शेफारत गेलो, आणि प्रत्यक्षात रक्तात काही उरतच नव्हतं. शरीराला जाग आली आणि ते तुमच्या डावीच्या अंगावर धावून गेलं.

घरी सोडताना हे मला सांगितलं होतं. छापील कागदावरही होतं. पण रक्त द्यायला साडेनऊ वाजतात. म्हणजे गोळीला दीड तास उशीर, आणि सासूबाईंना तर शब्द दिलेला. मी दोन्ही पारड्यांत घालून बघितलं. डॉक्टर मोठे खरे, पण ते माझ्या सासूबाई नव्हेत. रक्त घेणारा विचारायचा, "उपाशी आहात ना?" मी खरंच उपाशी असायचो. गोळी म्हणजे काही नाश्ता नव्हे.

आता गोळी पुन्हा वाढवली आहे आणि तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. भरमसाट. त्याचीच ही नशा. तुम्हाला तसलं पत्र लिहिलं तेव्हा मी खोटं बोलत होतो, पण आनंद खरा होता, हीच तर फजिती आहे. आतून पाचावर धारण बसलेली आणि वरून मी शीळ घालत दुसऱ्यांचे पलंग दुरुस्त करतो आहे. आताही हे लिहिताना मला हसू येतं आहे आणि शेजारचा म्हणतो आहे की मी रडतो आहे.

चारपाच दिवसांत कळेल ती राहते की जाते. मशीनला मी भीत नाही, त्याची सवय आहे. पण तुमच्या पोटावरचे टाके आठवले की मान आपोआप खाली जाते. दुसऱ्या कुणी एक रुमाल दिला असता तर मी घडी घालून ठेवला असता. तुम्ही किडनी दिलीत आणि मी वर्षभरही सांभाळली नाही. ही गेली तर तुम्हाला तोंड कसं दाखवू?

जावई


७ मे, दवाखान्याचा तळमजला, लिफ्टशेजारचं बाक

जावईबापू,

तोंड दाखवायची काळजी करू नका, ते बघायलाच मी आले आहे. सकाळीच पोचले. पण दारातल्या सिस्टरनं मला एकदा शिंकताना ऐकलं आणि तिथूनच मागे फिरवलं. वर सगळे तुमच्यासारखेच, दुसऱ्याच्या शिंकेनं आजारी पडणारे. म्हणून ही चिठ्ठी वॉर्डातल्या मावशींच्या हाती देते आहे.

सर्दी कशी झाली विचाराल. काठावरच्या खुर्चीवर बसून होत नाही. मी पाण्यात उतरत होते. रोज. पहाटे, कुणी नसताना. तिकीट फाडणारा पहारा द्यायचा. तेव्हा डॉक्टरांचं न ऐकण्यात आपण दोघं सारखेच, तुम्ही निदान माझ्यासाठी तरी ऐकलं नाहीत.

तुमचं पत्र वाचून मी आधी पायरीवर बसले, सांगितलंत तशी. मग स्वतःला खूप बोलून घेतलं. आठ म्हणजे आठ, छप्पर पडलं तरी आठ. कुणी सांगितलं होतं मला एवढी शिट्टी फुंकायला? मग एकदम हसू फुटलं, ते थांबेना. अहो, सगळ्या जगातल्या सासवा रडतात की जावई ऐकत नाही. माझा एवढा ऐकतो की त्याला दवाखान्यात टाकावं लागलं.

आता नीट वाचा. डावी किडनी मी तुमच्याकडे सांभाळायला ठेवली नव्हती. दिली होती, वापरायला. ती तुमच्या अंगात राहिली तर मला आनंद आहे. गेली तर मी खूप रडेन, तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाही. तुम्ही दार लावून गायलात, माझी लेक बाहेर उभी राहून हसली, तेवढ्यात माझे टाके वसूल झाले. त्यापुढचं जे मिळेल ते वरचं. पुन्हा तोंड कसं दाखवू वगैरे लिहिलंत तर सर्दी घेऊन वर येईन.

सासू


७ मे, दुपार

सासूबाई, चिठ्ठी मिळाली. चारदा वाचली. शेजारच्याला एकदा वाचून दाखवली, तोही आता शीळ घालतो आहे. मावशी विचारतात, "दोघं एकाच इमारतीत, मग फोन का नाही करत?" त्यांना म्हटलं, फोनवर मला बोलता येणार नाही.

लघवीचं लिहायला सांगितलं होतंत. सकाळपासून अर्धी बाटली. रंग बरा आहे. गाण्याजोगं काही नाही.

आणि ती लिफ्ट. तुम्ही शेजारीच बसला आहात तर मिटताना दाराला खालच्या कोपऱ्यात पायानं हलकेच थांबवा, झटका देणार नाही. नाहीतर नको, टाके आहेत.


७ मे, संध्याकाळ

अर्धी बाटली ही अर्धी बाटली असते. बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. एक अनोळखी गृहस्थ म्हणाले, "अभिनंदन, मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, जावई.

पायानं थांबवून बघितलं. झटका गेला. रखवालदारानं मला हाकललं.

आज लेकीकडे झोपते. तिला मी बोलणार होते, पण ती दारातच गळ्यात पडली, मग राहून गेलं.


११ मे, सकाळ

सासूबाई,

रिपोर्ट आला.

किडनी बिघडली की रक्तात चढतो तो क्रिएटिनिनचा आकडा उतरायला लागला आहे. काल थोडा, आज बराच. लघवी काल दोन बाटल्या, आज मोजायचं सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, राहिली. त्यांनी एवढंच म्हटलं, "राहिली." मग जाता जाता माझ्या हाताला चिमटा काढला आणि म्हणाले, "आता कृपा करून थोडं कमी आज्ञाधारक व्हा."

पूर्वीसारखी मात्र होणार नाही. काही भाग कायमचा निकामी झाला, उरलेल्यावर चालवायचं. किती वर्षं, ते कुणी सांगत नाही. दहा असतील, पाच असतील. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, "एवढं काय, बाकीच्यांना तरी कोण सांगतं?"

सासूबाई, मला तुम्हाला बघायचं आहे. तुमची शिंक थांबली का?


११ मे, दुपार

जावईबापू,

तुमची चिठ्ठी बाकावर बसून वाचली. माझ्या शेजारी तीन माणसं होती, तिघांच्या गळ्यात पडले. एकाचं जेवण सांडलं. दहा म्हणा, पाच म्हणा, माझ्याकडे जी उजवी उरली तिला तरी कुणी लिहून दिलं आहे? काही भाग गेला तर गेला. उरलेल्याला आपण दोघं मिळून जपू, या वेळी जरा अक्कल वापरून.

रक्त द्यायच्या दिवशी मी फोन करणार नाही. तुम्ही रक्त द्या, गोळी घ्या, आणि मग तुम्ही मला करा. मी इकडे जीव मुठीत धरून बसेन, ते मला चालेल.

शिंक परवाच थांबली. सिस्टरनं आज माझा घसा तपासला, हात दोनदा धुवायला लावले, मास्कवर मास्क चढवला आणि म्हणाली, पाच मिनिटं, लांबूनच. मावशी जेवायला गेल्या आहेत, म्हणून ही चिठ्ठी मीच घेऊन आले. तुमच्या पायाशी, पांघरुणावर ठेवली आहे. वाचून झालं असेल तर मान वर करा.